शेवट ठाऊक असलेली गोष्ट

प्रेमकादंबरी हातात घेणाऱ्या वाचकाला शेवट आधीच ठाऊक असतो. ती दोघं एकत्र येणार. हे वचन मुखपृष्ठावरच दिलेलं असतं आणि ते मोडणाऱ्या लेखकाला वाचक क्षमा करत नाही. अमेरिकेत १९८० साली स्थापन झालेल्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखकसंघटनेने या साहित्यप्रकाराची व्याख्या केली, तीत दोनच अटी आहेत. कथेच्या केंद्रस्थानी प्रेम असावं आणि शेवट समाधान देणारा, आशा जागवणारा असावा. रहस्यकथेचा लेखक शेवट लपवून ठेवू शकतो. इथे ती सोय नाही. मग लेखकाने लिहायचं काय?

लिहायचं ते त्या दोघांमधलं अंतर. ते कशामुळे पडलं, इतके दिवस का टिकलं आणि कशाने मिटलं. प्रेम जुळणं हे दोन प्रकरणांचं काम आहे. बाकीची सगळी पानं अडथळ्याची असतात. हे एकदा नीट लक्षात घेतलं, की पंचेचाळिशीत, पूर्ण वेळ नोकरी सांभाळून पहिली प्रेमकादंबरी लिहायला बसणाऱ्या माणसाकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. त्याला सगळे सांगतात की उशीर झाला, वेळ कुठून काढणार, हे काय वय आहे का. माझं म्हणणं उलट आहे. या लेखनाला लागणारी मुख्य सामग्री याच वयात आणि अशाच आयुष्यात हाती येते.

विशीत अडथळा बाहेर दिसतो. वडिलांचा नकार, जात, पत्रिका, पैसा, परगावची नोकरी. हे अडथळे खोटे नाहीत. आपल्याकडे त्यांनी माणसांचे जीवही घेतले आहेत. पण कादंबरीत बाहेरचा अडथळा एकटा फार काळ पुरत नाही. तो संपला की लेखक गैरसमजाकडे वळतो. कुणीतरी अर्धंच दृश्य पाहिलं, एक चिठ्ठी वेळेवर पोचली नाही. एका फोनने जे मिटेल, त्यावर तीनशे पानं उभी राहत नाहीत. पन्नासाव्या पानावर वाचक विचारतोच, ही त्याला सरळ विचारत का नाही?

टिकणारा अडथळा माणसाच्या आत असतो. आणि तो बहुतेक वेळा दोषातून येत नाही, गुणातून येतो. ज्या गुणाच्या बळावर माणूस एखाद्या कठीण काळातून तरून जातो, तोच गुण पुढे प्रेमाच्या आड उभा राहतो. हे समजायला एक नायिका कल्पून पाहू.

सांगलीतल्या एका बँकेच्या शाखेत ती अधिकारी आहे. वय सेहेचाळीस. नवरा जाऊन दहा वर्षं झाली. मुलाचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण, फ्लॅटचे हप्ते, सगळे निर्णय तिने एकटीने घेतले आणि बरोबर घेतले. मे महिन्यातल्या बदल्यांमध्ये नागपूरहून एक अधिकारी तिच्या शाखेत येतो. घटस्फोटित, अबोल, कामाला चोख. बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही आणि त्या किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. म्हणजे रोज सकाळी कामकाज सुरू होताना आणि रोज संध्याकाळी कॅश आत ठेवताना ही दोघं तिजोरीपाशी एकत्र येणार. मुलगा बंगळुरूला नोकरीला लागला आहे, सासूबाई समजूतदार आहेत, कुणाचीच आडकाठी नाही. तरीही वर्षभरात ती त्याला एकदासुद्धा घरी चहाला बोलावत नाही. का?

कारण एकटीने निभावणं हे तिचं बळ आहे. त्याच्यावर तिचं घर उभं राहिलं. ‘दवाखान्यात सोबत येऊ का?’ असं त्याने विचारलं, तरी तिला त्यात मदत दिसत नाही; आपल्या हातातलं काहीतरी काढून घेतलं जातंय असं वाटतं. ‘नको, मी करते,’ ती म्हणते. इकडे त्याची गोष्ट वेगळी आहे. लग्न मोडल्यावर त्याने एक शिस्त लावून घेतली आहे, कुणावर स्वतःला लादायचं नाही. तिचं ‘नको’ तो आदराने मान्य करतो आणि मागे सरतो. दोघंही चांगली माणसं आहेत. तिचा स्वावलंबीपणा आणि त्याचा संकोच हे दोन गुण समोरासमोर येऊन वाट अडवतात. इथे खलनायकाची गरजच उरत नाही.

मग हे मिटणार कसं? तो गुण टाकून देऊन नाही. तसं केलं तर ती बाई ती बाईच राहणार नाही. एखाद्या संध्याकाळी कॅश टॅली होत नाही. ती सगळी बंडलं पुन्हा मोजते, फरक सापडत नाही. दुसरी किल्ली त्याच्याकडे असल्यामुळे त्यालाही निघता येत नाही; तो काही न बोलता समोर बसून राहतो. शेवटी ती आपण मोजलेली बंडलं त्याच्याकडे सरकवते आणि म्हणते, ‘एकदा तुम्ही मोजता का?’ आपण केलेलं काम दुसऱ्याला तपासू देणं, एवढंच. पण ही बाई आपल्याला दीडशे पानं माहीत आहे. तिच्या तोंडी हे वाक्य प्रेमाच्या कबुलीपेक्षा मोठं आहे, आणि वाचकाला ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

बाविसाव्या वर्षी ही गोष्ट लिहिणाऱ्याला तिच्या ‘नको’मध्ये अहंकार दिसण्याची शक्यता फार आहे. पंचेचाळिशीत त्या ‘नको’ची किंमत कळलेली असते. आपल्या घरात, ऑफिसात, सोसायटीत अशी माणसं आपण वीस-पंचवीस वर्षं पाहिलेली असतात. कोण कशाच्या जोरावर तगलं आणि त्यापायी कशाला मुकलं, हे जवळून पाहायला तेवढा काळ जावाच लागतो. वय या कामात देतं ते हे.

आणि नोकरी काय देते? वरच्या गोष्टीतल्या दोन किल्ल्या तिने दिल्या. दोन माणसांना रोज एका जागी आणणारा, पण एकमेकांशी बोलायला भाग न पाडणारा नियम कल्पनेने सुचणं अवघड. शाखेत काम केलेल्याला तो शोधावा लागत नाही. बेटी नील्स या इंग्रज लेखिकेचं उदाहरण इथे मोलाचं आहे. त्यांचा जन्म १९०९चा. अनेक वर्षं त्यांनी परिचारिकेचं काम केलं, लग्न डच माणसाशी केलं, काही वर्षं हॉलंडमध्ये काढली. वाचनालयात एक बाई चांगल्या प्रेमकथा मिळत नसल्याची तक्रार करत होती, ते ऐकून त्यांनी लिहायला घेतलं. ‘सिस्टर पीटर्स इन ॲमस्टरडॅम’ हे पहिलं पुस्तक १९६९मध्ये आलं, तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या. पुढच्या तीन दशकांत त्यांनी १३०हून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या बहुतेक नायिका परिचारिका आहेत आणि नायक बरेचदा डच डॉक्टर. वॉर्डात एकमेकांचं काम पाहता पाहता दोन माणसं एकमेकांना ओळखतात, पण तिथली शिस्त त्यांना बोलू देत नाही. हा अडथळा त्यांना कुठून आणावा लागला नाही. तो त्यांच्या ड्यूटीत होता.

बेव्हर्ली जेन्किन्स यांनी तर नोकरी चालू असतानाच लिहिलं. त्या मिशिगनमध्ये पार्क-डेव्हिस या औषधकंपनीच्या ग्रंथालयात काम करत. एकोणिसाव्या शतकातल्या कृष्णवर्णीय माणसांची प्रेमकथा त्यांनी आधी स्वतःसाठीच लिहिली होती, कारण त्यांना वाचायची होती ती गोष्ट कुणी छापत नव्हतं. गुलामगिरी केंद्रस्थानी नसलेली अशी कादंबरी घ्यायला प्रकाशक धजावत नव्हते. अनेक नकारांनंतर ‘नाइट साँग’ १९९४मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा त्या त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. नायिका कॅन्सस राज्यातल्या कृष्णवर्णीयांच्या गावातली शिक्षिका, नायक घोडदळातला सार्जंट. शिक्षिकेची नोकरी तिच्या अब्रूवर टांगलेली आहे आणि नोकरी हेच तिचं स्वातंत्र्य आहे. इथेही अडथळा तिने कष्टाने मिळवलेल्या गोष्टीतूनच उभा राहतो. जेन्किन्स यांच्या अनेक कादंबऱ्यांच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते. ग्रंथपालाची शिस्त त्यांनी प्रेमकथेत आणली आणि तिच्यामुळे विसरलेला एक इतिहास लाखो वाचकांसमोर आला.

आता वेळेचा प्रश्न. तो खरा आहे आणि त्याला हिशेबानेच उत्तर द्यायला हवं. मिल्स अँड बून या प्रकाशनसंस्थेच्या मालिकांमधली प्रेमकादंबरी साधारण पन्नास हजार शब्दांची असते. आठवड्यातले पाच दिवस रोज तीनशे शब्द लिहिले तर आठवड्याला दीड हजार होतात आणि चौतीस आठवड्यांत, म्हणजे आठ महिन्यांत, पहिला खर्डा पुरा होतो. तीनशे शब्द म्हणजे वहीचं दीड-दोन पान. दुसऱ्या खर्ड्याला तेवढाच वेळ धरला तरी दीड वर्षाच्या आत पुस्तक तयार होतं. इंग्लंडच्या टपाल खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केलेला कादंबरीकार अँथनी ट्रोलोप पहाटे साडेपाचला लिहायला बसे आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिहीत असे. इतका वेग प्रत्येकाला साधणार नाही. पण ठरलेल्या वेळी बसणं आणि हातातलं काम मध्येच न सोडणं या दोन गोष्टी नोकरी करणाऱ्याला शिकवाव्या लागत नाहीत. महिनाअखेरीचा अहवाल तो वर्षानुवर्षं वेळेवर देत आला आहे.

शिवाय लिहिण्याचं बरंच काम टेबलापासून दूर होतं. ती काय म्हणेल आणि तो का गप्प राहील, याचा विचार कर्जत लोकलमध्ये उभ्याने करता येतो, भाजी निवडताना करता येतो. रात्री किंवा पहाटे फक्त ते उतरवायचं असतं.

दोन शंका मात्र उरतात. पहिली, लोक काय म्हणतील. ही शंका न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात शेक्सपिअर शिकवणाऱ्या प्राध्यापक मेरी ब्लाय यांनाही होती. १९९९पासून त्या इलॉइझा जेम्स या नावाने प्रेमकादंबऱ्या लिहीत होत्या आणि २००५पर्यंत त्यांनी ते उघड केलं नाही. उघड केल्यावरही त्या शिकवत राहिल्या आणि लिहीत राहिल्या. आपल्याकडे तर लपवण्याचं कारणही नव्हतं. ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते आणि प्रणयकादंबरीच्या तंत्राचा त्यांनी गंभीरपणे अभ्यास केला. कुसुम अभ्यंकर रत्नागिरीत डॉक्टर होत्या, आमदारही झाल्या, आणि त्यांच्या कादंबऱ्यांनी गावोगावच्या वाचनालयांतल्या वाचकांना वेड लावलं. मराठीत ही परंपरा आहे. तिला आपण हलकं मानत आलो, हा आपला अन्याय आहे. दिवसभर राबलेल्या बाईला रात्री दहा वाजता विसावा देणारं पुस्तक लिहिणं ही सन्मानाची गोष्ट आहे.

दुसरी शंका अधिक खोल आहे. आयुष्य इतकं पाहिल्यावर सुखान्त लिहिणं खोटेपणा नाही का? याला मी आयडा कुक यांच्या आयुष्यातून उत्तर देईन. मेरी बर्चेल या नावाने १९३६पासून मिल्स अँड बूनसाठी लिहिणाऱ्या या लंडनच्या बाई. महायुद्धाआधीच्या वर्षांत त्या आणि सरकारी कचेरीत नोकरी करणारी त्यांची बहीण लुईझ शनिवार-रविवारी जर्मनीत जात, तिथल्या ज्यूंना बाहेर काढण्याची व्यवस्था करत आणि सोमवारी लुईझच्या कामाच्या वेळेपर्यंत परत येत. २९ जणांना त्यांनी वाचवलं. त्यासाठी लागणारा पैसा मोठ्या प्रमाणात आयडा यांच्या प्रेमकादंबऱ्यांतून येत होता. १९६५मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने दोघींचा गौरव केला. जगात काय चाललं आहे हे या बाईला सोमवारी सकाळी पुरतं माहीत असे, आणि तरी ती सुखान्त लिहीत होती. सुखान्त म्हणजे दुःख नाकारणं नाही. अडथळा खरा असेल आणि तो माणसाने स्वतःच्या कृतीने ओलांडला असेल, तर तो शेवट कमावलेला असतो. खोटा ठरतो तो अडथळाच न पाहिलेल्याने लिहिलेला शेवट.

म्हणून ज्याला लिहायचं आहे त्याने प्रेमापासून सुरुवात करू नये. स्वतःला आधी विचारावं की मी कोणत्या गुणाच्या बळावर इथवर आलो आणि त्या गुणाने माझ्यापासून काय दूर ठेवलं. तो गुण स्वतःकडून काढून एका वेगळ्या माणसाला द्यावा, वेगळ्या गावात, आपल्याला आतून ठाऊक असलेल्या व्यवसायात. मग त्याच्यासमोर असं कुणीतरी आणावं, ज्याच्यासाठी एका संध्याकाळपुरता का होईना, तो गुण खाली ठेवावासा वाटेल. ते का वाटलं, याचं उत्तर म्हणजे कादंबरी. ते उत्तर मिळवायला जितकी वर्षं द्यावी लागतात, तितकी पंचेचाळिशीतल्या माणसाने आधीच दिलेली असतात. आता द्यायचा आहे तो रोजचा अर्धा-पाऊण तास.