जंतू आणि रोग यांच्या मधलं अंतर

सावकाश वाचा, घाई नाही. आधी एक श्वास आत घ्या आणि तो कुठवर जातो याकडे लक्ष ठेवा. नाक, घसा, श्वासनलिका, मग फाटे फुटत बारीक होत गेलेल्या नळ्या, आणि अगदी शेवटी इवलेसे वायुकोश. क्षयाचा जंतू याच वाटेने येतो. टीबीचा रुग्ण खोकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा उडालेले सूक्ष्म कण कोंदट खोलीत कितीतरी वेळ तरंगत राहतात. त्यातला एखादा श्वासाबरोबर आत गेला आणि वायुकोशापर्यंत पोचला, असं समजा.

इथेच थांबू. रोग अजून झालेला नाही.

शरीरातल्या भक्षक पेशी त्या जंतूला गिळतात. तो कधी मरतो, कधी मरत नाही. मेला नाही तर काही आठवड्यांत आणखी पेशी येऊन त्याच्याभोवती कडं करतात आणि एक बारीकशी गाठ तयार होते. जंतू आत जिवंत, पण अडकलेला. याला सुप्त संसर्ग म्हणतात. अशा माणसाला खोकला नसतो, ताप नसतो, त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही. जगातल्या जवळपास एक चतुर्थांश लोकांना हा संसर्ग झालेला असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी 5 ते 10 टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. त्या एक चतुर्थांशात आपणही असू शकतो. हे वाचून मन चरकलं असेल तर चरकू द्या, आणि मग त्या गाठीकडे पुन्हा लक्ष न्या. आपल्याला पत्ताही न लागता शरीर हे काम वर्षानुवर्षं करत राहतं.

आता कारणाचा विचार करू, आणि इथे जरा रेंगाळू. 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्याआधी हा रोग घराण्यातून येतो असं मानणारे पुष्कळ होते. कॉखमुळे कारण हाती आलं. पण जंतू इतक्यांच्या शरीरात, आणि रोग मोजक्यांना, हे कसं? जंतूशिवाय क्षय होत नाही, हे खरं. नुसत्या जंतूने तो होतोच असंही नाही. अर्धपोटी राहणं, मधुमेह, एचआयव्ही, विडी-सिगारेट, दगडाच्या खाणीतली धूळ, यांतलं काहीतरी त्या कड्याला ढिलं करतं.

झारखंडमध्ये झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. काही घरांत फक्त रुग्णाला शिधा दिला, तर काही घरांत बाकीच्या माणसांनाही तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या दिल्या. जिथे सगळ्या घराला शिधा मिळाला, तिथे घरच्यांना क्षय होण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी झालं. डाळ-तांदूळ जंतू मारत नाहीत. तरीही. रोगाच्या कारणांच्या यादीत रिकामा डबा जंतूच्या शेजारीच लिहायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. हे वाक्य मनात थोडं मुरू द्या.

कडं तुटलं की जंतू वाढू लागतो. सावकाशच, कारण एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास अख्खा दिवस लागतो. मग संध्याकाळची कसर, रात्री घामाने भिजलेली उशी, उतरत चाललेलं वजन, दोन आठवडे होऊनही न हटणारा खोकला. ही लक्षणं, रुग्णाने स्वतः सांगायची. डॉक्टरांना जे सापडतं ते वेगळं: एक्स-रेवरचा डाग, किंवा सकाळी झाकणाच्या डबीत दिलेला बेडका रंगवून भिंगाखाली ठेवल्यावर निळ्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या लालसर बारीक काड्या. दोन्ही बरोबर येतीलच असं नाही. 2019 ते 2021 या काळात देशभर झालेल्या क्षयरोग पाहणीत सुमारे 40 टक्के रुग्णांनी कोणतंच लक्षण सांगितलं नव्हतं. ते केवळ एक्स-रेमुळे सापडले. म्हणजे रोग आहे, आणि आजारी असल्याची जाणीव नाही, अशीही एक अवस्था असते. माणूस कामावर जातो, हसतो, मुलांना जवळ घेतो.

निदान झालं की साधारणपणे सहा महिने गोळ्या. पहिल्या दोन महिन्यांतच बरं वाटू लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी गोळ्या सोडाव्याशा वाटतात. बरं वाटणं आणि बरं होणं यांतही अंतर आहे, कारण दबून बसलेले थोडे जंतू उरलेले असतात. ते पुन्हा उठले की रोग उलटतो.

आता ओळखीतला कुणी आठवा, ज्याला कधीकाळी टीबी झाला होता. गोळ्या पूर्ण झाल्या, बेडक्यात जंतू सापडेनासे झाले, तो बरा झाला. छातीच्या एक्स-रेवर डाग मात्र राहिला असेल. तो भरलेल्या जखमेचा व्रण आहे. तरी नोकरीच्या तपासणीत, लग्नाच्या बोलणीत तोच पुढे केला जातो आणि माणूस खाली मान घालतो. त्याच्याबद्दल आपल्या मनात आत्ता कुठला शब्द उमटला, रुग्ण की बरा झालेला, तेवढं पाहा. आणि घरात त्याचं ताट-वाटी अजून वेगळी ठेवत असतील, तर क्षय भांड्यांतून पसरत नाही, आजारपणातही पसरत नव्हता, हे त्या घरी जाऊन सांगा.