अकरा पिशव्यांची फरशी

एका वस्तादाच्या हाताखाली दोघे जण फरशीकाम शिकले. दोघांचा हात सफाईचा, दोघांची नजर दोरीसारखी सरळ. वस्ताद थकले, गावी गेले आणि हे दोघे पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडीच्या पुढे उभ्या राहत असलेल्या एका इमारतीवर कामाला लागले. ठेकेदाराने दर चौरस फुटावर बांधून दिला होता. जितकी फरशी बसेल तितके पैसे.

थोरल्याला सगळी साइट मामा म्हणायची आणि पाठीमागे बैलगाडी. धाकट्याला तोंडावरच एक्स्प्रेस म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. मामाची दिवसाला नव्वद चौरस फूट फरशी बसे, एक्स्प्रेसची दीडशे. आठवड्याच्या हिशेबाला एक्स्प्रेसच्या हातात जास्त नोटा पडत, आणि ठेकेदाराचा हात त्याच्या खांद्यावर पडे.

एवढा फरक कशाने पडतो? हॉलमध्ये घालतात ती दोन बाय दोनची विट्रिफाइड टाइल वजनाला चांगली, पण पाणी जवळजवळ पीतच नाही, 0.5 टक्क्यापेक्षाही कमी. जुन्या शहाबादी फरशीसारखी ती सिमेंटच्या मालाला धरून बसत नाही. म्हणून तिला चिकटवायला वेगळा माल येतो, साइटवर त्याला केमिकल म्हणतात. ते दातेरी थापीने खाली सगळीकडे ओढायचं, टाइलच्या पाठीलाही हात मारायचा, मग टाइल टेकवून रबरी हातोडीने ठोकत बसवायची, म्हणजे खालची हवा निघून जाते. मामा हेच करायचा. एक्स्प्रेस टाइल पालथी करायचा, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे पाच गोळे थापायचा, उलटवून दाबायचा, पाणसळ लावायचा आणि पुढे सरकायचा. वरून बघाल तर दोन्ही फरशा सारख्याच सपाट. खरं सांगायचं तर एक्स्प्रेसचीच किंचित जास्त देखणी, कारण गोळ्यांवर टाइल वरखाली करून लेव्हल साधणं सोपं जातं.

"खालून भरत जा रे," मामा एकदा जेवताना म्हणाला. "वस्ताद काय सांगायचे? दिसतं ते काम गिऱ्हाइकाचं, दिसत नाही ते आपलं."

"वस्तादांच्या काळी रोजंदारी होती, दादा. टाइल उचलून बघणारा कोण आहे इथे?"

मामाने भाकरी मोडली आणि विषय सोडून दिला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण उचलून बघणारं खरंच कुणी नव्हतं.

सातव्या मजल्यावर 703 मामाने केला, 704 एक्स्प्रेसने. दोन्ही फ्लॅट क्षेत्रफळाने सारखे, एकमेकांसमोरचे. एक्स्प्रेस चौथ्या दिवशी मोकळा झाला, मामाला आठवडा लागला. सांधे भरले, फरशीवर प्लास्टिक अंथरलं, रंगारी आले आणि गेले.

703 घेणाऱ्यांनी मुहूर्त बघून किल्ली घेतली, उंबऱ्यावर नारळ वाढवला, पेढे वाटले. बिल्डरच्या ऑफिसात पेढे गेले, वॉचमनला गेले. मामाला गेले नाहीत. फरशी कुणी बसवली हे त्या घराला ठाऊक नव्हतं. चांगल्या कामाचं बहुतेक असंच होतं. त्यात सांगण्यासारखं काही घडतच नाही.

704 एका काकूंचा होता. जन्मभर सहकारी बँकेत खतावण्या लिहून निवृत्त झालेल्या बाई. निवृत्तीचे पैसे या घरात घातलेले. ताबा घेण्याआधी घर तपासून देणारी एक तरुण इंजिनीअर मुलगी त्यांनी पैसे देऊन बोलावली. बिल्डरच्या माणसाने हसून घेतलं. नव्या घराची कसली तपासणी?

मुलीने पाठीवरची पिशवी उतरवली आणि बाथरूमपासून सुरुवात केली. बादलीभर पाणी ओतलं. पाणी नहाणीकडे न जाता दाराकडे निघालं. ढाळ उलटा होता. स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये तिने तीन पिनांचं छोटं यंत्र खुपसलं. अर्थिंग नव्हतं. तिसऱ्या भोकामागे वायर होती, पण ती कशालाच जोडलेली नव्हती. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे गिलाव्याला उभी, केसाएवढी चीर होती. तिथे गिलाव्याआधी जाळी मारायची असते, ती मारलेली नव्हती. ही सगळी कामं वेगवेगळ्या माणसांची, आणि त्यातला कुणीही त्या दिवशी साइटवर नव्हता. प्लंबर दुसरीकडे, वायरमन गावाला, गिलावावाला काम सोडून गेलेला.

एक्स्प्रेस मात्र होता. समोरच्या जिन्यावर काम चाललं होतं, ठेकेदाराने त्याला हाक मारून बोलावून घेतलं होतं.

मुलीने लांब दांड्याची, टोकाला लोखंडी गोळी असलेली काठी काढली आणि हॉलमध्ये टाइलवरून फिरवायला लागली. टणक, टणक, मग एकदम भरड पोकळ आवाज. पुन्हा टणक, पुन्हा पोकळ. प्रत्येक टाइलच्या मध्यभागाच्या आणि कोपऱ्यांच्या मधली जागा बोलत होती. जिथे पोकळ वाजे तिथे ती खडूने फुली मारे. एक्स्प्रेसला पहिल्या दहा ठोक्यांतच कळलं. आवाज त्याच्या ओळखीचा होता. टाइल दाबून बसवताना त्याने तो रोज ऐकला होता.

अर्ध्या तासाने हॉलभर फुल्या झाल्या.

"मॅडम, थोडंफार पोकळ सगळीकडेच असतं," ठेकेदार म्हणाला. "वापरात बसून जातं."

हे वाक्य नव्या इमारतींमधून इतक्यांदा बोललं जातं की बोलणाऱ्याला ते खरं वाटू लागतं. वापरात काही बसून जात नाही. कपाटाचा पाय नेमका पोकळ कोपऱ्यावर येतो आणि कोपरा तडकतो. हातातून बत्ता निसटतो आणि टाइलला खड्डा पडतो. पाच गोळ्यांवर टेकलेली टाइल उन्हाळ्यात एखाद्या दुपारी शेजारणीला ढकलत उचललीही जाते.

काकू इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "या केमिकलच्या पिशव्यांची नोंद ठेवता का हो?"

स्टोअरचा पोरगा भाबडा होता. त्याने रजिस्टर आणून दिलं. काकूंनी चष्मा लावला आणि बोट फिरवत खाली आल्या. फ्लॅट 703, चोवीस पिशव्या. फ्लॅट 704, अकरा.

"दोन्ही घरं सारखीच ना?"

"सारखीच."

"मग तेरा पिशव्या कुठे गेल्या?"

कुणी काही बोलेना. पिशव्या कुठेच गेल्या नव्हत्या. त्या स्टोअरमध्येच होत्या, पुढच्या मजल्याला वापरल्या गेल्या. काकूंचं बोट आकड्याशेजारच्या सहीवर थांबलं. सही ठेकेदाराची होती. सही करताना त्याने अकरा वाचले होते, माल वाचला म्हणून खूश झाला होता आणि त्याच आठवड्यात एक्स्प्रेसला उचल दिली होती. टाइल न उचलता, काठी न फिरवता त्याला हे दोन महिने आधी कळलेलं होतं.

"चूक याची आहे," ठेकेदाराने एक्स्प्रेसकडे हात केला.

"याची आहेच," काकू म्हणाल्या. "पण याने ती खाली लपवली. तुम्ही वर सही केलीत."

दुरुस्ती सोपी नव्हती. पोकळ टाइल एकटी निघत नाही. फोडावी लागते आणि फोडताना शेजारची दुखावते. त्या लॉटच्या टाइल संपल्या होत्या. नव्या आणल्या त्या उन्हात धरल्यावर पिवळसर दिसल्या. ठेकेदार म्हणाला, एवढा फरक कोण बघतं? काकू म्हणाल्या, मी. अख्ख्या हॉलची फरशी निघाली. राबीट सात मजले उतरवायला लिफ्ट अजून सुरू नव्हती, तीही मजुरी पडली. एक्स्प्रेसने नवी फरशी बिनमजुरीची बसवली. दिवसाला नव्वद चौरस फूट.

त्या दिवसांत तो एकदा मामापाशी येऊन बसला. "दादा, तुझ्याकडे कुणी काठी घेऊन आलंच नाही. चोवीस पिशव्या घातल्यास त्याचं काय मिळालं तुला? मी तुझ्यापेक्षा जास्त कमावलं तेव्हा."

"कमावलंस की," मामा म्हणाला. "आणि आता फुकट राबतोयस." मग जरा थांबून, "मला जास्त काही मिळालं नाही. खोटं कशाला सांगू? फक्त त्या मॅडम मजल्यावर आल्या तेव्हा मी चहा पीत होतो, आणि तो सगळा प्यायलो."

मामाचा दर काही वाढला नाही. पण पुढच्या इमारतीवर ठेकेदाराने दोन गोष्टी बदलल्या. फरशीकामाला चौरस फुटाचा दर बंद करून रोजंदारी लावली. आणि रोज संध्याकाळी, केमिकल ओलं असताना, तो प्रत्येक कारागिराची कुठलीही एक टाइल स्वतः उचलून पाठ बघू लागला. पाठ भरलेली असेल तर परत बसवायला दोन मिनिटं लागतात. फोडून बसवायला काय लागतं, ते त्याने एकदा भरून पाहिलं होतं. यात त्याचा सद्गुण फारसा नव्हता, हिशेब होता. पण घरात राहणाऱ्याला दोन्ही सारखंच.

काकूंनी 704 चा ताबा ठरल्यापेक्षा उशिरा घेतला. ढाळ बदलला, अर्थिंग जोडलं, चिरेवर जाळी मारून पुन्हा गिलावा झाला. तपासणीचे पैसे बिल्डरने द्यावेत असं त्यांनी पत्र लिहिलं होतं, ते पैसे मिळाले नाहीत.

घर घेणाऱ्या वाचकाने दोन गोष्टी कराव्यात. किल्ली घेण्याआधी खिशातलं नाणं काढून फरशी वाजवून बघावी. आणि ताबा घेऊन झाला असेल, तरी गप्प बसू नये: 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधणीतला किंवा कारागिरीतला दोष कळवला, तर तो 30 दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. तक्रार तोंडी सांगू नका. लेखी द्या आणि पोच घ्या.