गोठा कोणाच्या जिवावर?

बस इथे. मधे बोलू नकोस. तुझी बाजू फोनवर ऐकली आहे, आज माझी ऐकायची.

नोकरी सोडून जुन्नरला गावी आलास, दोन एकरांत घर बांधलंस, दोन संकरित गाई, शेळ्या, कोंबड्या घेतल्यास. त्याबद्दल मला एक शब्द बोलायचा नाही. घरचं दूध, घरची अंडी, शेताला शेणखत, पोरीला मोकळं अंगण, यातलं काही चुकीचं नाही. मी आयुष्यभर पशुसंवर्धन शिकवलं ते मुलांनी जनावरं पाळावीत म्हणूनच. पण दिवस भरलेली गाय आईच्या हवाली करून तू लग्नाला कोल्हापूरला निघून जातोस, याला काय म्हणायचं? रेतनाची तारीख तुझ्याकडे होती. त्यात 280 दिवस मिळवायचे, एवढंच गणित. ते तू केलं नाहीस. ‘आई आहे की घरी’ एवढं म्हणून गाडीत बसलास.

पुढचं मला डॉक्टरांकडून कळलं. ते माझेच विद्यार्थी. गाय व्यायली आणि दुसऱ्या संध्याकाळी बसली ती उठेना. कान गार पडलेले, नाकपुडी कोरडी, मान वळवून कुशीवर टेकवलेली. हे चित्र मी तुमच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवलं होतं. चीक आणि दूध तयार होताना रक्तातलं कॅल्शियम एकदम कासेकडे ओढलं जातं, अंगातलं बळ जातं आणि गाय खाली बसते. बहुतेक वेळा व्यायल्यानंतर तीन दिवसांत हे घडतं. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या, भरपूर दुधाच्या गाईला जास्त. शेजाऱ्यांनी बांबूच्या नळ्यातून तेल पाजायला घेतलं होतं. तुझ्या आईनं तो नळा त्यांच्या हातातून काढून घेतला. तशा अवस्थेतल्या गाईला नीट गिळता येत नाही, पाजलेलं फुप्फुसात उतरतं आणि आजारातून वाचलेलं जनावर त्यानं जातं. आईला हे ठाऊक होतं, कारण तिनं आयुष्यभर म्हशी सांभाळल्या आहेत. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम सावकाश सोडलं आणि गाय उठली. रात्रभर आई गोठ्यात बसून होती. गुडघ्याचं दुखणं असलेली बाई, खाली पोतं टाकून. तुझा फोन लागत नव्हता.

गाय वाचली म्हणून हे मिटलं असं समजू नकोस. मला त्या एका रात्रीपेक्षा रोजच्या दिवसाचा राग आहे.

तुझ्या गोठ्याचा हिशोब तू मला मोबाईलवर पाठवला होतास. पेंड, कडबा, औषधं, वीज, दुधाचे पैसे, सगळं रकान्यांत मांडलेलं. आईच्या कामाचा रकाना त्यात कुठे आहे? एका दुभत्या गाईला दिवसाला 20 ते 25 किलो हिरवा चारा लागतो, वर 5-6 किलो वाळला. दोन गाईंचा हिरवा चाराच 50 किलोपर्यंत जातो. तो कापायचा, भारे बांधायचे, डोक्यावरून आणायचे, कुट्टी करायची. त्यात भर म्हणजे एकेका गाईचं 15-20 किलो शेण रोज उचलायचं. उन्हाळ्यात गाय 80 लिटरहून जास्त पाणी पिते, तेही कोणीतरी भरतं. पहाटे आणि संध्याकाळी धार. भांडी धुणं, दूध डेअरीवर पोचवणं, शेळ्यांना पाला, कोंबड्या झाकणं. यातलं तू काय करतोस ते मी विचारलं, तर म्हणालास, ‘मी नियोजन बघतो.’ नियोजन बघणाऱ्याच्या डोक्यावर भारा नसतो. गडी ठेवला असतास तर त्याला पगार द्यावा लागला असता, त्याची सुट्टी मान्य करावी लागली असती. आईला दोन्ही द्यावं लागत नाही, एवढ्यावरच तुझा गोठा नफ्यात दिसतो आहे. तिची मजुरी मांडून बघ. मग नफा किती उरतो ते मला दाखव.

आणखी ऐक. गाय तुझ्या आईच्याच हाताला लागली आहे. ती कासेला बसली की पान्हा सोडते, तू बसलास की चोरते. उद्या आई तापानं अंथरुणात पडली तर काय करशील? दूध कासेत राहिलं की सडात गाठी होतात, कास दगडासारखी घट्ट होते. एकदा दगडी झाली की तो सड पुन्हा पहिल्यासारखा दूध देईलच असं नाही. घरातल्या निदान दोन माणसांच्या हाताला जनावर लागलेलं असलंच पाहिजे, हे मी तुम्हाला पहिल्या सत्रात सांगितलं होतं.

गोठ्यात गुळगुळीत फरशी बसवलीस, ती फोटोत छान दिसते. व्यायला आलेलं जड जनावर त्यावर घसरलं, मागचे पाय फाकले, की पुन्हा उभं राहणं मुश्कील. ती खरवडून घे, नाहीतर रबरी मॅट टाक. धार झाल्यावर सडाचं तोंड अर्धा तास उघडं असतं, तेवढा वेळ गाय उभी राहावी म्हणून गव्हाणीत वैरण टाकायची. हेही आईच करते, तुला कोणी सांगितलेलं नसतं.

आता दुधाचं. हिशोबात तू धरलेला दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफचा आहे. तुझ्या गाईचं दूध त्याखाली उतरलं की दर कापला जातो, आणि नुसते उसाचे वाढे घालून फॅट लागत नाही. वाढे स्वस्त मिळतात हे खरं, पण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. महिनोन्‌महिने तेच घातलं तर जनावर आतून झिजतं. 12 लिटर देणाऱ्या गाईला शरीर पोसायला दीड किलो आणि अडीच लिटरमागे एक किलो असं धरलं तर दिवसाला सहा किलोच्या पुढे पशुखाद्य जातं. म्हणजे 50 किलोचं पोतं एका गाईला आठ दिवस. दुधाचा दर पडला म्हणून गाय कमी खात नाही. 2024 मध्ये गाईच्या दुधाचे भाव इतके उतरले की सरकारला लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावं लागलं. त्या काळात ज्यांची स्वतःची वैरण होती ते तगले. तू दोन एकरांत किती गुंठे नेपियर लावलंस? मुरघास कुठे आहे? मे महिन्यात चारा विकत घेऊन दोन गाई पोसणं तुला परवडणार नाही, आणि तेव्हा विकायला काढलीस तर भावही मिळणार नाही.

दुसरी गाय पावडर, औषधं देऊनही गाभण राहत नाही अशी तुझी तक्रार आहे. औषधाचं नंतर बघू. ती माजावर येते तेव्हा तू कुठे असतोस? माज 21 दिवसांनी येतो आणि जेमतेम अर्धा-पाऊण दिवस टिकतो. उन्हाळ्यात संकरित गाईचा माज मुका असतो, ती हंबरत नाही, फक्त काचेसारखा सोट टाकते. तो पहाटे आणि रात्री, गोठ्यात उभं राहून, शेपटीखाली बघावा लागतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. एक माज हुकला की तीन आठवड्यांची फुकट वैरण. रात्री दहाला गोठ्यात एक फेरी मारायची, यासाठी कुठलंही ॲप लागत नाही.

व्यायलेल्या गाईच्या गोऱ्ह्याबद्दल तू जे बोललास ते मला अजिबात आवडलं नाही. ‘गोऱ्हा आहे, त्याला कशाला दूध?’ जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत त्याला चीक मिळालाच पाहिजे, आणि चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. 30 किलोच्या वासराला तीन लिटर. कालवड असो की गोऱ्हा, रोगाशी लढायची ताकद त्याला त्यातूनच मिळते. 2015 पासून महाराष्ट्रात वळू आणि बैल यांच्याही कत्तलीला बंदी आहे. संकरित गोऱ्हा औताला फारसा कोणी घेत नाही. मग लोक त्याला उपाशी ठेवतात, नाहीतर रात्री हमरस्त्याला सोडून येतात. माझा विद्यार्थी यातलं काही करणार नाही. तुझ्या दारात जन्मला त्याला तू पोसायचंस. नको असेल तर रेतनाच्या आधी विचार करायचा. लिंगनिर्धारित रेतमात्रा मिळतात, त्यात दहातल्या नऊ वेळा कालवड होते. तेव्हा पैसे वाचवायचे आणि नंतर वासराच्या पोटावर पाय द्यायचा, हे चालणार नाही.

शेळ्यांचं थोडक्यात सांगतो. तुमच्या भागात उसात बिबट्या आहे, हे लहान पोराला माहीत आहे. नुसतं कंपाउंड त्याला अडवत नाही. वर जाळी आणि पक्कं दार हवं, आजच्या आज. पीपीआरची लस, आंत्रविषाराची पावसाळ्याआधी, जंतनाशक वेळेवर. आणि बोकडाला पोरीनं नाव ठेवलंय, तो तिच्यामागे अंगणभर फिरतो. तो विकायचा आहे हे तिला आधी सांग. ती शाळेत गेल्यावर गुपचूप गाडीत घालून पाठवू नकोस. जनावरं पाळणाऱ्या घरातल्या मुलाला हे कळावंच लागतं, आणि ते बापानं सांगायचं असतं.

लसीच्या नोंदी तुझ्याकडे एकही नाहीत. लाळ्या खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्या पावसाच्या तोंडावर. 2022 मध्ये लम्पीनं दावणीच्या दावणी मोकळ्या झालेल्या आपण पाहिल्या. कानातला बारा आकडी बिल्ला शोभेला नाही, तो डॉक्टरांना दाखवून प्रत्येक लस त्यावर नोंदवून घ्यायची. 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर खडूनं मोठा लिही, आईला चष्म्याशिवाय दिसेल असा. आणि आईला दोन गोष्टी तूच सांगायच्या. गाय गाभडली तर पडलेल्या गर्भाला आणि वारेला उघडा हात लावायचा नाही. त्यातून माणसाला वर्षानुवर्षं न हटणारा ताप लागू शकतो. लाळ गाळत, विचित्र हंबरत असलेल्या जनावराच्या तोंडात ‘काही अडकलंय का’ म्हणून हात घालायचा नाही. ते पिसाळलेलं असू शकतं. ती मायेनं हात घालेल म्हणून सांगतो आहे.

डोळ्यांत पाणी आणू नकोस, त्याचा गाईला उपयोग नाही. सोमवारपासून पहाटेची धार तू काढायचीस. पहिले काही दिवस आई शेजारी बसेल, तिचा आवाज ऐकून गाय पान्हा सोडेल, मग हळूहळू तिला उठवायचं. भारा तू आणायचास, शेण तू काढायचंस. बायकोची नोकरी आहे, तिच्यावर ढकलायचं नाही. आईनं महिन्यातून चार दिवस मावशीकडे जायचं म्हटलं तर गोठ्याचं कारण पुढे करायचं नाही. हे झेपणार नसेल तर एक गाय आत्ताच, अंगावर मांस आणि कासेत दूध असताना, चांगल्या घरी वीक. एका गाईत तुमच्या घराचं दूध भागून उरेल. त्यात मला काही कमीपणा वाटणार नाही.

ही वही घे. पहिल्या पानावर दोन्ही गाई, बिल्ल्याचे आकडे, माजाच्या, रेतनाच्या आणि व्यायच्या तारखा. आणि त्या तारखेसमोर लिही, त्या आठवड्यात घरी कोण असणार. आता सांग, दुसरी गाय शेवटची कधी भरवलीस?