अर्पण की टाकणं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सुट्टीत कारेलीबागेतून मुंबईला गेलो की एक संध्याकाळ गिरगाव चौपाटीची ठरलेलीच. तिकीट नाही, दार नाही. शेठ आणि हमाल एकाच वाळूत बसतात. यंदा घरच्या निर्माल्याची पिशवी सोबत नेली होती. सूनबाई म्हणाली, "आई, पिशवीसकट सोडायचं?" मी म्हटलं, "समुद्र सगळं घेतो गं." तेवढ्यात लाटेबरोबर कुणाची तरी तशीच पिशवी पायाशी आली!

दत्तप्रभूंच्या चोवीस गुरूंमध्ये समुद्र आहे. पावसाळ्यात नद्या मिळाल्या म्हणून तो फुगत नाही, उन्हाळ्यात आटत नाही. आपण मात्र सोयीचा अर्थ काढतो, की त्याला काहीही चालतं. गुरूच्या ओंजळीत कुणी प्लॅस्टिक घालील का?

अर्पण असो की टाकणं, वस्तू हातातून सुटतेच. पण अर्पणात तिची पुढची काळजी आपली असते. टाकलेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात पडते. मुंबईतच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर 2015 पासून लोकांनी सुट्टीच्या दिवशी असाच कचरा उपसला. 2018 मध्ये तिथे कासवाची पिल्लं दिसली. ही सेवाच नाही का?

मी फुलं परत आणली, तुळशीच्या कुंडीत पुरली. आपली विश्वामित्रीही सगळं मुकाट्याने घेते. पुलावरून पिशवी सोडण्याआधी एकदा मनाला विचारू या: हे अर्पण, की टाकणं?

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥