कायद्याची भाषा कुणासाठी?

फिर्याद, जामीन, मुद्देमाल, वकील हे कायद्याच्या मराठीतले शब्द अरबी-फारसीतून आलेले. माझ्या उर्दू शाळेतल्या मुलांना ते घरचेच वाटतात. पण शब्द ओळखीचा असला तरी परक्या लिपीतला कागद मुकाच राहतो.

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व आपण मानतो. मग समोरच्याला कळेल असे बोलणे हे कायद्याचे कर्तव्य नव्हे काय?

१९६२ साली ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ खटल्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. नागपूरच्या या इसमाला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली गेली होती. त्याने हिंदी भाषांतर मागितले. ते नाकारले गेले. कारणे तोंडी समजावली, हा सरकारचा बचाव न्यायालयाने मानला नाही. ती त्याला कळणाऱ्या भाषेत आणि वाचता येणाऱ्या लिपीत हवीत, असे सांगून त्याची सुटका केली. अटकेची कारणेही अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, असे न्यायालयाने २०२५ मध्ये बजावले.

आरोपी गुन्हेगार असेलही. पण आरोपच कळला नाही, तर त्याने बचाव कशाचा करावा? न समजलेल्या कागदावरच्या अंगठ्याला संमती म्हणणे हाही एक अन्यायच आहे, आणि त्याची फिर्याद कुठल्याच ठाण्यात नोंदवली जात नाही.