पळून जाणाऱ्याचे देणे



तंजावरच्या मराठीतील जुने शब्द प्रत्यक्ष कानांनी ऐकावेत, या हेतूने काही वर्षांपूर्वी मी कुंभकोणमला गेलो होतो. व्यंकोजीराजांच्या काळापासून त्या मुलखात वसलेल्या मराठी घराण्यांच्या बोलीत, आपल्याकडे केव्हाच मागे पडलेले काही प्रयोग टिकून आहेत, आणि शास्त्राचे भाषांतर करणाऱ्या माणसाला अशा शब्दांची हाव असते. कुंभकोणमलगतच्या साक्कोट्टै या गावी एका वृद्ध शिक्षकांच्या घरी माझा मुक्काम होता. एके दिवशी संध्याकाळी शेजारचा विशीतला एक तरुण तेथे आला. कबड्डीत त्याचे पंचक्रोशीत नाव होते. कोणा दलालाने त्याला सांगितले होते, की परदेशी जाणाऱ्या एका संघात तुझे नाव घालतो. तेथे पोहोचल्यावर दोन सामने खेळायचे आणि तिसऱ्या दिवशी नाहीसे व्हायचे. पुढची सोय आमची. शिक्षकांनी माझ्याकडे बोट दाखवून त्याला तमिळमध्ये म्हटले, “हे शास्त्र जाणणारे आहेत, यांनाच विचार.” त्याने विचारले ते एवढेच: “पळून जाणे हे पाप आहे काय?”

वाचकहो, मी लगेच उत्तर दिले नाही. भाषांतरकाराला उशीर करण्याची सवयच असते. पण त्या रात्री झोप लागली नाही, हेही खरे.

असा प्रकार काही नवा नव्हे. २००४ साली श्रीलंकेतून तेवीस जणांचा एक ‘राष्ट्रीय हँडबॉल संघ’ जर्मनीस गेला. त्या देशाचा असा राष्ट्रीय संघच नव्हता! सामने दणदणीत हरून ही मंडळी एके सकाळी दिसेनाशी झाली, आणि जाताना यजमानांचे आभार मानणारी चिठ्ठी ठेवून गेली. जगभर लोक हसले. पुढे २००८ मध्ये त्यावर ‘मचान’ नावाचा चित्रपटही निघाला. मीही हसलो होतो. साक्कोट्टैच्या त्या ओसरीवर मात्र हसू येईना.

ज्यांच्या अंगी खरोखर असामान्य गुण आहे, त्यांची गोष्ट याहून भयंकर आहे. क्यूबा या देशात बेसबॉल म्हणजे आपल्याकडील क्रिकेट. १९९१ साली रेने अरोचा हा गोलंदाज (बेसबॉलमध्ये त्याला दुसरे नाव आहे, पण आपल्याला हेच कळेल) मायामीच्या विमानतळावर आपल्या संघातून निसटला आणि त्याच्या मागोमाग पुढच्या वर्षांत शेकडो खेळाडूंनी देश सोडला. आता येथे नियमांची एक गुंतागुंत लक्षात घेतली पाहिजे, कारण सारा धोका तिच्यातूनच जन्मला. क्यूबाचा खेळाडू थेट अमेरिकेत उतरला, तर त्याला नवशिक्यांच्या निवडीत जावे लागे व मोबदला फार थोडा मिळे. तोच आधी तिसऱ्या देशाचा रहिवासी झाला, तर कोणत्याही संघाशी मोकळेपणे करार करू शके. म्हणून वाट मेक्सिको, हैती यांच्या किनाऱ्यांवरून जाऊ लागली, आणि त्या वाटेवर तस्कर बसले. ते खेळाडूकडून भाडे घेत नसत. त्याच्या भावी कमाईचा हिस्सा लिहून घेत.

यासिएल पुईग २०१२ साली अशाच नौकेने मेक्सिकोजवळच्या इस्ला मुहेरेस बेटावर आला. पैशांचा वाद मिटेपर्यंत त्याला तेथे अडकवून ठेवले होते, आणि पैसे न आल्यास हात तोडण्याच्या धमक्या दिल्या जात होत्या, असे पुढे प्रसिद्ध झाले. थोड्याच दिवसांत त्याने लॉस एंजेलिसच्या संघाशी ४ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. होसे अब्रेऊ २०१३ मध्ये हैतीहून मायामीला विमानाने आला. खोट्या पारपत्राचे पान त्याने विमानात बिअरच्या घोटाबरोबर चावून गिळले. ही साक्ष त्याने स्वतः २०१७ साली मायामीच्या न्यायालयात, खेळाडूंची तस्करी करणाऱ्यांवरील खटल्यात दिली. त्याचा करार ६ कोटी ८० लाखांचा होता. मात्र त्याचा लहानगा मुलगा मागे क्यूबातच राहिला होता, आणि त्याला त्याने पुन्हा पाहिले ते डिसेंबर २०१५ मध्ये. त्या दोन वर्षांची किंमत कोणत्या करारात लिहिली होती?

मागे राहिलेल्यांचा विषय निघाला, की मला लुट्झ आयगेनडॉर्फ आठवतो. हा पूर्व जर्मनीचा फुटबॉलपटू. त्याच्या संघाचा आश्रयदाता होता गुप्त पोलिसांचा प्रमुख एरिख मील्के. मार्च १९७९ मध्ये पश्चिम जर्मनीतील एका सामन्यानंतर परतीच्या वाटेवर बस थांबली असता आयगेनडॉर्फ टॅक्सीत बसून निघून गेला. पत्नी आणि लहान मुलगी पूर्व बर्लिनमध्ये राहिली. गुप्त पोलिसांनी त्या पत्नीच्या जीवनात आपलाच एक माणूस प्रियकर म्हणून सोडला, आणि पुढे तिचा त्याच्याशी विवाहही झाला. १९८३ च्या मार्चमध्ये आयगेनडॉर्फची मोटार झाडावर आदळली आणि दोन दिवसांनी, वयाच्या २६ व्या वर्षी, तो मरण पावला. तो अपघात की घात, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. पण देश एक झाल्यावर उघड झालेल्या कागदपत्रांतून त्याच्यावर केवढी पाळत होती, ते जगाला कळले.

अशा राज्यकर्त्यांचे म्हणणे काय असते? “आम्ही तुला शिकविले, पोसले, मैदान दिले, तू आमचा आहेस.” वाचकहो, यातला पहिला भाग खोटा नाही, म्हणूनच तो झटकून टाकता येत नाही. गरीब देशाच्या पैशांवर घडलेला खेळाडू त्या देशाचे काही देणे लागतो. परंतु देणे लागणे वेगळे आणि मालकीचे असणे वेगळे. ज्याचे आपण देणे लागतो त्याला आपण फेडू शकतो. मालकाला काय फेडणार?

फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राचे भाषांतर तपासताना मी याच ठिकाणी पुष्कळ दिवस अडलो होतो. अनेसिम हा धन्याकडून पळालेला दास, असेच आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण पौल ‘पळाला’ हे क्रियापद वापरतच नाही. पंधराव्या वचनातील ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वेगळा केला गेला’ असा होतो. मराठीत असा कर्मणी प्रयोग अवघडल्यासारखा वाटतो, आणि सहकारी मला म्हणत, की सरळ ‘गेला’ लिहून मोकळे व्हा. मी हट्ट धरला. पौल त्या दासाला परत पाठवितो हे खरे आहे, आणि ते मला आजही सहज पचत नाही. मात्र त्याच पत्रात, याने तुझे काही बुडविले असेल तर ते माझ्या नावावर मांड, असे तो स्वतःच्या हाताने लिहितो. तो देणे मान्य करतो आणि मालकी मात्र बंधुत्वात विरघळवून टाकतो. त्याआधी कितीतरी शतके अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायाने, आश्रयास आलेल्या दासाला धन्याच्या हाती देऊ नये, असे ठरविले होते. आणि माणूस चोरून विकणाऱ्याला निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात देहान्त शिक्षा आहे. म्हणजे शास्त्राचा कठोर हात पळणाऱ्यावर पडत नाही, तर त्याला विकणाऱ्यावर पडतो.

तरीही सारा दोष तस्करावर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. तस्कर बंद दाराशी उभा राहतो. दार उघडे असते तर त्याला कोणी विचारले नसते. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील बेसबॉल संघटना आणि क्यूबाचा महासंघ यांच्यात, खेळाडूंना उघडपणे येऊ देण्याचा करार झाला होता. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या सरकारने तो रद्द ठरविला. नौकावाल्यांना त्या दिवशी आनंदच झाला असेल.

आणि ज्यांच्यापुढे कोट्यवधींचा करार नव्हता, त्यांचे काय? सामिया युसुफ ओमार ही सोमालियाची मुलगी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावली आणि आपल्या फेरीत शेवटची आली. प्रेक्षकांनी उभे राहून तिचे कौतुक केले. लंडनच्या ऑलिंपिकसाठी चांगला प्रशिक्षक मिळावा म्हणून ती युरोपकडे निघाली आणि २०१२ मध्ये भूमध्य समुद्रात बुडाली. तिच्यावर कोणाचे देणे होते, हे मला सांगता येणार नाही. आपलेच तिच्यावर काही असेल, असे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तरुण पुन्हा आला. मी त्याला म्हणालो, “पळणे पाप आहे की नाही, हे मला आधी तीन गोष्टी कळल्याशिवाय सांगता येत नाही. तिकडे पोहोचल्यावर तुझे पारपत्र कोणाच्या खिशात असेल? दलालाचे पैसे कोणाच्या नावावर उचलले आहेत? आणि तू नाहीसा झालास, तर ते वसूल करायला माणसे कोणाच्या दारात येतील?”

शिक्षकांनी तिन्ही प्रश्न तमिळमध्ये सांगितले. पहिल्याला त्याने खांदे उडविले. दुसऱ्याला, घराचे कागद दलालाकडे आहेत, असे तो हळू आवाजात म्हणाला. तिसऱ्याला त्याने काही उत्तर दिले नाही. कुंपणापलीकडे त्याची आई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. तो बराच वेळ तिकडे पाहत राहिला. मग त्याने शिक्षकांना विचारले, की ते कागद परत मागायला माझ्याबरोबर तुम्ही याल काय. त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला, आणि मीही चपला पायांत घातल्या.