एका गाडीचा उजेड

भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता चाळीसेक किलोमीटरचा आहे. शेंडीहून निघालं की मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, मुरशेत करत माणूस पुन्हा शेंडीला येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस उंबऱ्यावर आलेला असताना, काजवे पाहायला याच रस्त्यावर रात्री मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. डोंबिवलीचं एक निवृत्त जोडपं त्याच आठवड्यात तिथे विसाव्याला आलं होतं. त्या शाळेत भूगोल शिकवत, म्हणून सोसायटीत सगळ्यांच्या बाई. ते बँकेत शाखा व्यवस्थापक होते, म्हणून साहेब. पाण्याकाठी लाकडी केबिन, व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या, वाटेल तिकडे गाडी न्यायची, वाटेल तिथे थांबायचं, एवढाच बेत होता. सकाळी रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ झालं, दुपारी घाटघरच्या कोकणकड्यावर वारा खाऊन झाला. संध्याकाळच्या चहाला बाईंनी विचारलं, रात्री काजव्यांसाठी गाडी काढायची का? साहेबांना प्रश्नच कळला नाही. त्यासाठीच तर आलो होतो!

"अहो, पण तो लुकलुकतो ते काही आपल्याला दाखवायला नाही," बाई म्हणाल्या. "नर खूण करतो, मादी उत्तर देते. पंख फुटल्यावर दोन-तीन आठवडे जगतो बिचारा, त्यात जोडीदार सापडला तर सापडला. आपण दिवे लावून मधून गेलो की तिला त्याची खूण दिसायची कशी?"

बाईंचं शास्त्र बरोबर होतं. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून, ओल्या मातीत गोगलगायी खात जातं. २०२० साली सारा लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या काजवा-तज्ज्ञांना विचारून धोक्यांची यादी काढली. त्यात अधिवासाचा नाश पहिला होता, आणि पाठोपाठ रात्रीचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं. भंडारदऱ्याला ऐन, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे दाटीने बसतात. झाडाजवळून गाडी गेली की काय होतं, ते कुणालाही पाहता येतं. क्षणापूर्वी चमचमणारं झाड काळं पडतं, गाडी पुढे गेल्यावर एखाद्या फांदीच्या टोकाला एक ठिपका लागतो, मग दुसरा. सगळं झाड पुन्हा पेटायच्या आत मागची गाडी येते.

साहेबांनी शास्त्राला हात लावला नाही. "माझ्या एका गाडीने काय होणार आहे? आज शनिवार. तीनशे गाड्या फिरणारच आहेत. तीनशे एकावी गेली काय, न गेली काय!"

"तुमच्या बँकेत कर्ज थकवणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा ना? माझ्या एका हप्त्याने बँक बुडणार आहे का म्हणून."

"म्हणायचे. आणि मी त्यांच्या घरी माणूस पाठवायचो. इथे वसुलीला कोण येणार आहे? मी आपणहून थांबायचं आणि बाकीच्या तीनशे जणांनी मजा करायची, याला तू नीती म्हणतेस, मी याला बावळटपणा म्हणतो. नियम करा, सगळ्यांना लावा. पहिला मी पाळीन."

आणि साहेबांनी अमेरिका काढली. मुलगी अटलांटाला असते. एका वर्षी ती दोघांना टेनेसीच्या ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये घेऊन गेली होती. गॅटलिनबर्गजवळ केबिन, डोंगरातून गाडी चालवत निवांत फिरणं, दर वळणावर गाडी थांबवायला केलेली जागा. तिथे एल्कमाँट म्हणून एक भाग आहे, तिथले काजवे एका तालात, एकदमच उजळतात आणि एकदमच विझतात. ते पाहायला लॉटरी असते. हंगामातल्या आठेक रात्री, रात्रीला जेमतेम शंभर-सव्वाशे गाड्यांना परवाना. विजेरीवर लाल कागद लावायचा, वाट सोडायची नाही. वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास लोक येतात त्या उद्यानात, तरी एल्कमाँटला अंधार टिकला आहे. "याला म्हणतात व्यवस्था," साहेब म्हणाले. "नाव नाही लागलं तर मी घरी बसेन, आणि मनाला टोचणीही लागणार नाही."

भूगोलाच्या शिक्षिकेला यात कच्चा दुवा सापडला. ते उद्यान १९३४ साली झालं, ते काही रिकाम्या डोंगरावर नाही. तिथे शेतं होती, चर्च होती, शाळा होत्या. केड्स कोव्हच्या शेतकऱ्यांना जमिनी सोडून जावं लागलं. काही जण कोर्टात भांडले आणि हरले. एल्कमाँटला मात्र नॉक्सव्हिलच्या धनिकांच्या सुट्टीतल्या केबिन होत्या. त्यांनी कमी मोबदला पत्करून तहहयात भाडेपट्टे पदरात पाडून घेतले, आणि त्यातले बरेच पुढे १९९२ पर्यंत चालले. "म्हणजे कसणारा गेला आणि केबिनवाला राहिला. तुमची व्यवस्था त्याच्यावर उभी आहे."

साहेबांनी कप खाली ठेवला. "बरं. म्हणजे माणसं हलवली की काजवे वाचतात, आणि माणसं ठेवली की गाड्या येतात. यातलं तुला काय हवंय ते एकदा सांग."

बाईंना हे सांगता येईना. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, ३६१ चौरस किलोमीटरचं, आणि त्याच्या पोटात ही सगळी गावं आहेत. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. घाटघरला पाऊस धो धो पडतो, नगरचं चेरापुंजी म्हणतात त्याला. पण तो सगळा चार महिन्यांत येऊन उतारावरून वाहून जातो. पीक एकच, भात. केबिनची देखभाल करणारा तरुण याच गावांतला. तो चहाचे कप उचलायला आला तेव्हा बाईंनी त्यालाच मध्ये घेतलं. तुला काय वाटतं रे, गाड्या बंद व्हाव्यात की नको?

तो हसला. काजव्याचे वीस-पंचवीस दिवस, म्हणाला. तेवढ्यात तंबू, जेवण, वाट दाखवणं यातून जे हाती येतं त्यावर बी-बियाणं आणि शाळेची फी निघते. मग लावणी. भात निघाला की पूर्वी घरातले सगळे नारायणगावला मजुरीला जायचे, आता दोघंच जातात. "मावशी, काजवं वाचवायचं तर वाचवा. मी कुणीकडं जायचं तेवढं पण सांगा."

या वाक्यापाशी सगळी संध्याकाळ अडकली.

बाई म्हणाल्या, आपण न जाता त्याला पैसे देऊ. साहेब म्हणाले, ती भीक झाली. तो काम करतो, कामाचे घेतो. बाई म्हणाल्या, मग गाडी ठेवून त्याच्याबरोबर चालत जाऊ, त्याला वाटाड्याचे पैसे मिळतील. याच अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात, गावकरीच त्यांना काजवे दाखवायला नेतात. साहेब म्हणाले, पुरुषवाडीपर्यंत तरी विमानाने जातात काय? गाडीनेच ना? बाई म्हणाल्या, गाडीनेच, पण ती गावात थांबते, झाडाखालून जात नाही.

"आणि माझे गुडघे?" साहेबांनी विचारलं.

हे थट्टेने विचारलेलं नव्हतं. डोंगरातला रस्ता गाडीतून पाहणं हेच काहींच्या वाट्याला उरलेलं असतं. ज्याला कळसूबाईची शिडी चढता येत नाही, ज्याला अंधारात दगड चुकवत अर्धा तास चालता येत नाही, त्याने काय करायचं? चालणाऱ्यांनाच काजवे दिसावेत असा नियम केला, तर तो तरुणांच्या आणि धडधाकटांच्या बाजूचा झाला. बाई म्हणाल्या की प्रत्येकाने सगळं पाहिलंच पाहिजे असं कुठे आहे? साहेब शांतपणे म्हणाले, "हे तू चालू शकतेस म्हणून म्हणतेस." बाई गप्प झाल्या. चालत जाणं ज्याला जमतं त्यालाच पाहण्याचा हक्क, असं त्यांच्या बोलण्यातून निघत होतं आणि ते त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं.

वादाने इथे एकदम वेगळंच वळण घेतलं. साहेबांनी व्हरांड्यातूनच पाण्याकडे हात केला. ज्याला जपायचं म्हणतेस तो तलाव तरी कुठे देवाने केला आहे? विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. प्रवरेचं अकरा टीएमसी पाणी इथे अडवलं जातं आणि ओझरहून कालव्यांनी राहुरी-श्रीरामपूरच्या उसाला जातं. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना याच पाण्याच्या टापूत उभा राहिला. दुपारी ज्या घाटघरला आपण वारा खाल्ला, तिथे उदंचन प्रकल्प आहे, २५० मेगावॅटचा. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, मागणी वाढली की वरून खाली सोडून वीज करायची. "आपण डोंबिवलीत तिन्हीसांजेला दिवे लावतो ना, तेव्हा या कड्यावरून पाणी उतरत असतं. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस आपण इथेच हात मारतो. तेव्हा तुला काही टोचत नाही. एक रात्र गाडी काढली की काजव्यांचा कळवळा!"

बाईंचं उत्तर छोटं होतं. "घाटघरचं बटण माझ्या हातात नाही. गाडीचं आहे."

साहेबांच्या मते हे उत्तर म्हणजे पळवाट. बटण ज्यांच्या हातात आहे ते काय करतात, ते पाहा, ते म्हणाले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल २०११ मध्ये दिला. तो झेपेना म्हणून कस्तुरीरंगन समिती, तिचा अहवाल २०१३ चा. त्यानंतर मसुद्यांवर मसुदे. जुलै २०२४ मध्ये सहावा निघाला, त्यात महाराष्ट्रातले १७,३४० चौरस किलोमीटर संवेदनशील क्षेत्रात धरले आहेत. दुसरीकडे ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. कसाऱ्याच्या घाटात जिथे ट्रकमागे तासभर रखडायचो, तिथे आता जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा काही मिनिटांत पार होतो. "सरकारने मुंबई इथवर आणून ठेवली, आणि तू मला व्हरांड्यात बसवतेस."

बोगद्याच्या मुद्द्यावर बाई उलट खूश झाल्या. साहेबांनी त्यांच्याच बाजूचा पुरावा दिला होता! पूर्वी घाट हाच नाका होता. कंटाळा करून निम्मे लोक येत नसत. आता शनिवारी दुपारी मनात आलं की रात्री काजव्यांत. म्हणजे तीनशेच्या सहाशे गाड्या होणार, आणि तीनशे एकावीचा तुमचा हिशेब तेव्हाही तसाच चालणार, फक्त आकडा बदलून. यावर साहेबांकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते शोधलंही नाही. बोट मुडपून त्यांनी केबिनच्या भिंतीवर टकटक केली. आवाज पोकळ आला. लाकूड नव्हतंच ते, लाकडाच्या रेषा छापलेला सिमेंटचा पत्रा होता. निदान झाडं तरी कापली नाहीत, बाई म्हणाल्या. निदान खोटं तरी बोलू नये, साहेब म्हणाले.

शेवटी गाडी निघाली नाही. देखभाल करणाऱ्या तरुणाच्या चुलत्याची जीप होती, तिच्यात आणखी दोन कुटुंबांबरोबर साहेब गेले. गुडघ्यांमुळे पुढच्या सीटवर बसले. बाई केबिनमध्येच राहिल्या. परत आल्यावर साहेबांनी सांगितलं की तीन गाड्यांचं काम एका जीपने केलं, चालकाने झाडाच्या अलीकडे इंजिन आणि दिवे दोन्ही बंद केले, आणि पाऊण तास कुणी बोललं नाही. बाईंनी विचारलं, जाता-येता दिवे लावले होते ना? लावले होते. मग काय फरक, असं बाई म्हणाल्या आणि तीन ऐवजी एक, असं साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी घरी जाताना बोगद्यातही तेच चाललं होतं.

या लेखाचा कल बाईंकडे आहे हे वाचकाच्या लक्षात आलंच असेल, पण त्या जिंकल्या असं म्हणवत नाही. न जाण्यातून त्यांचं मन निवलं, झाडाला त्याचा उपयोग एका गाडीपुरता झाला, आणि त्या तरुणाच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही ते नाहीच. साहेबांची व्यवस्थेची मागणी खरी आहे, फक्त ती केड्स कोव्हसारखी माणसं हलवून नको. रात्री किती गाड्या सोडायच्या, कुठल्या वळणापुढे फक्त गावच्या जीपा न्यायच्या, हे वळशावरच्या गावांच्या ग्रामसभांनी वनखात्याबरोबर बसून ठरवावं, आणि त्याचा पैसा गावातच राहावा. गुडघे दुखणाऱ्यांनाही अशा जीपेत जागा असेल.

ते होईपर्यंत, जूनमध्ये जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. आपली गाडी शेंडीत ठेवा आणि गावातली जीप वाटून घ्या. झाडापाशी पोहोचायच्या आधीच दिवे बंद करायला सांगा, मोबाइलची विजेरी खिशातच राहू द्या, फ्लॅश मारू नका, मुलांना काजवे बाटलीत भरू देऊ नका. आणि वाट दाखवणाऱ्याशी पैशावरून घासाघीस करू नका.